चौथी म्हातारी

साफ्ताने सुरीच्या टोकाने चिंधी खिडकीच्या फटीत दाबली, तळहाताने ठोकून आत बसवली आणि ती पुढच्या फटीपाशी सरकली. चिंध्या तिच्या मुलाच्या जुन्या सदऱ्याच्या होत्या. उत्तरेच्या खिडकीच्या चारही कडा भरून झाल्यावर तिने वरून मेण चोपडलं आणि त्यावर घोंगडी ठोकली. खोलीत भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार झाला.

"आई, एक तरी खिडकी राहू द्या," पलंगावरून मिरुना म्हणाली. "जीव कोंडतो."

"कोंडून कुणी मरत नाही. थंडीने मरतात." साफ्ताने मागे वळून पाहिलं नाही. "तुमच्या शहरात भिंतीला हात लावला की भिंत गरम. इथे ऊब पाहुणी असते. दार उघडं दिसलं की निघाली, आणि मागून हाका मारल्या तरी येत नाही."

मिरुनाने पाय पोटाशी घेऊन पाहिले, पण पोट आता तेवढी जागा देत नव्हतं. सातवा महिना होता. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. दोन्ही वेळा साफ्ताने सुनेला लागेल असा एक शब्द उच्चारला नव्हता, आणि धीराचाही नाही. या वेळी डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली, तेव्हा सांदूने बायकोला शहरातल्या चौथ्या मजल्यावरून उतरवून इथे, या सपाट मुलखात, आईच्या हवाली केलं आणि तो इटलीला आपल्या ट्रकवर निघून गेला. जाताना आईला म्हणाला होता, "काचेचं भांडं आहे असं समज." साफ्ताने उत्तर दिलं होतं, "माझ्या हातून आजवर एक भांडं फुटलेलं नाही."

बाहेर पाऊस पडत होता, पण वाहत नव्हता. जिथे टेकेल तिथे त्याची काच होत होती. अंगणातलं चेरीचं झाड काचेचं झालं होतं, कुंपणाच्या तारा बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या, आणि विहिरीच्या वाटेवर कोंबडीसुद्धा घसरत होती. दोनच दिवसांपूर्वी बायका उघड्या डोक्याने फाटकात उभ्या राहून तोंडावर ऊन घेत होत्या. काल चिखल, आज काच. आणि टीव्हीवरच्या नकाशात वरून, ध्रुवाकडून, रशियाच्या अंगावरून एक निळी जीभ लांबत लांबत खाली येत होती. निवेदिका हसून सांगत होती की थंड हवेची ही लाट चार तारखेला सकाळी आपल्या भागात शिरेल.

चार तारखेला. साफ्ताने टीव्ही बंद केला होता. तरी ती तारीख खोलीत राहिलीच.

मार्चचे पहिले नऊ दिवस म्हातारीचे. दोकिया म्हातारी सुनेला छळायची, उन्हाला भुलून नऊ डगले चढवून मेंढ्या घेऊन डोंगरात गेली, रोज एक डगला काढून फेकत गेली आणि शेवटी गारठून दगड झाली. म्हणून या दिवसांना ताळतंत्र नसतो. आणि म्हणूनच गावातली प्रत्येक बाई महिना लागण्याआधी या नवांतला एक दिवस आपली 'म्हातारी' म्हणून उचलते. तो दिवस जसा जाईल, तसं तिचं वर्ष. एकदा उचलला की परत ठेवता येत नाही.

"तुझी म्हातारी कोणती गं, पोरी?" असं शेजारच्या आगापियाने फेब्रुवारी संपता संपता कुंपणावरून विचारलं होतं.

"माझी म्हातारी बाराही महिने घरातच असते, काकू," मिरुना म्हणाली होती. "आणखी एक कशाला निवडू?"

आगापिया इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी थांबून हसल्या. साफ्ता हसली नव्हती. हातातली बादली खाली न ठेवता तिने सांगून टाकलं होतं, "चौथी घे. पहिली माझी आहे, मी या घरात आले तेव्हापासून." चारच का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. रागात जो आकडा तोंडात आला, तो. पहिली तारीख सोन्यासारखी गेली. मग निळी जीभ दिसली.

"आई, तुम्ही त्या तारखेचं मनावर घेतलंय का?" मिरुनाने आता विचारलं.

"मी कशाला घेऊ? पोरींचा खेळ आहे तो."

"मग खिडक्या?"

"खिडक्या थंडीसाठी." साफ्ताने सुरी घागऱ्याला पुसली. "उद्या तू पलंगावरून उतरायचं नाहीस. एवढंच."

संध्याकाळी तिने चूल भरली. चूल खोलीच्या मधल्या भिंतीतच बांधलेली होती, विटांची, माणसाच्या उंचीची. लाकडं जळून निखारे झाले की धुराड्याची झडप लावायची, म्हणजे ऊब विटांत राहते, सकाळपर्यंत पुरते. झडप उशिरा लावली तर ऊब आकाशात. लवकर लावली तर घरात मुका धूर. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. निखाऱ्यांवर निळी जीभ नाचते आहे तोवर झडपेला हात लावायचा नाही, हे इथल्या मुलींना केस विंचरण्याआधी शिकवतात.

आगापियाने एकदा लावला होता. तीस वर्षांपूर्वी, नवरा तापाने फणफणलेला असताना, त्याला ऊब मिळावी म्हणून. ती वाचली, कारण ती गोठ्यात होती. तेव्हापासून गावात तिला झडपवाली म्हणत. नाव ठेवलं होतं साफ्ताने. विहिरीवर एकदाच, सहज बोलून गेली होती, पण तिचं बोलणं गावाला चिकटायचं.

त्या संध्याकाळी साफ्ता चुलीसमोर गुडघ्यांवर बसून निळी जीभ पूर्ण विझेपर्यंत थांबली, मगच उठली.

---

सकाळी वारा आला. त्या वाऱ्याला इथे नाव आहे, क्रिवात्स, जसं भांडखोर शेजाऱ्याला असतं. पहाटे तो कौलांखाली शिट्ट्या मारत होता, उजाडेपर्यंत दाराला खांदा लावून उभा राहिला. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता. साफ्ता मेंढ्यांच्या गोठ्यापर्यंत भिंत चाचपत गेली, नुकतंच जन्मलेलं एक कोकरू डगल्यात घालून परतली, तेवढ्यात तिच्या भुवयांवर बर्फाचे दाणे बसले होते. उत्तरेच्या भिंतीवर बर्फ खिडकीच्या वर चढला होता. घोंगडी काढून पाहिली असती तरी काचेपलीकडे पांढरी भिंतच दिसली असती.

वीज गेली. मग मिरुनाचा फोन मुका झाला. सांदूचा आवाज मध्येच तुटला. "आईला सांग की..." एवढंच आलं.

"काय सांग?" साफ्ताने विचारलं.

"माहीत नाही."

"त्याला सवय आहे अर्धं बोलायची. बापाकडून आली."

कोकरू चुलीपाशी टोपलीत ठेवलं. खोली कालच्यासारखी तापत नव्हती. वारा धुराड्याच्या तोंडाशी लागून आतली ऊब ओढून घेत होता, पोर दुधाची बाटली ओढतं तशी. साफ्ता चुलीत लाकूड घाले, वारा ते गिळे. भिंत कोमट होती, फक्त कोमट. पलंगावर मिरुनाने रजईखाली हात पोटावर घट्ट धरले होते आणि तिचे ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत होती की मोजत होती, कळत नव्हतं.

चौथी. बाहेर जे चाललं होतं ते कुणाचं तरी वर्ष होतं, आणि कुणाचं ते साफ्तानेच बादली हातात धरून सांगितलं होतं. आत शिरू द्यायचं नाही. एवढंच उरलं होतं करण्यासारखं. ती चुलीपाशी गेली. निखारे लाल होते आणि त्यांच्यावर निळी जीभ होती, बारीक, आखूड. विझतच आलीय, असं ती पुटपुटली आणि तिने झडप लावली.

थोड्या वेळात भिंत तापली. मिरुनाने रजई छातीखाली सरकवली. साफ्ताला बरं वाटलं. तिने मक्याचं पीठ शिजवलं, ताटलीत गोळा पाडला, वर मेंढीचं चीज कुसकरलं, सुनेपुढे ठेवलं.

"नको, आई. मळमळतंय."

"भुकेने मळमळतं."

"डोकं पण दुखतंय. इथे." तिने कपाळ दाबून दाखवलं.

"माझंही दुखतंय सकाळपासून. मी सांगत बसले का?"

साफ्ताने दुसऱ्यांदा चूल भरली आणि दुसऱ्यांदाही निळी जीभ पूर्ण विझायची वाट पाहिली नाही. वाऱ्याने तेवढा वेळ दिला असता का? ती गोठ्याकडच्या दाराशी कान लावून मेंढ्यांचा आवाज ऐकत होती तेव्हा मागे खटका वाजला. मिरुना अनवाणी चुलीपाशी उभी होती, आणि झडप उघडी होती.

"काय केलंस?"

"श्वास घेता येईना."

"बाळाला थंडी लागली म्हणजे घे श्वास." साफ्ताने झडप लावली. "जा, पड जाऊन. मी काल काय सांगितलं होतं? उतरायचं नाही. आज तर नाहीच."

"आज चौथी म्हणून?"

साफ्ताने झडप पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"आई, तुम्ही घाबरलाय," मिरुना म्हणाली. तिला त्याचं नवल वाटल्यासारखं दिसत होतं. मग ती भिंतीला धरत पलंगाशी गेली आणि आडवी झाली. तिचे गाल छान लाल झाले होते. सकाळी कागदासारखी होती, आता चेरीसारखी. साफ्ताने ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, ऊब मानवतेय.

दुपार कलायच्या सुमारास ती कोकराला दूध पाजायला टोपलीपाशी बसली. बसता बसता दोनदा तोल गेला. वय, ती म्हणाली, आणि भीती. तिने कोकराच्या हनुवटीखाली बोट घातलं. मान बोटावरून घरंगळली.

तिने ते उचललं, छातीशी धरलं, चोळलं. आयुष्यात तिने कितीतरी कोकरं गारठून मेलेली पाहिली होती. ती लाकडासारखी असतात, गार, पाय ताठ. हे गरम होतं. मऊ होतं, गरम होतं, आणि मेलेलं होतं.

साफ्ता त्या गरम लोकरीत हात खुपसून बसून राहिली. मग तिने हळूहळू मान वर केली आणि झडपेकडे पाहिलं.

"मिरुना."

वारा कौलांवर आपटत होता.

"मिरुना, ए पोरी."

"हं," पलंगावरून आलं, फार लांबून.

झडप उघडायला ती धावली की रांगली ते तिलाच आठवलं नसतं. तिने खिडकीची घोंगडी ओढून फाडली. मागे बर्फ होता, गच्च, पांढरा, काच फोडूनही उपयोग नव्हता. तिने दार उघडलं. दार आत उघडत होतं म्हणून उघडलं. ओसरीच्या कडेला बर्फाची कमरेएवढी भिंत उभी होती, तिच्यावरून वारा आत कोसळला. साफ्ताने मिरुनाला काखेत हात घालून पलंगावरून ओढलं. ती जड होती, दोन माणसांएवढी जड, आणि साफ्ताचे पाय तिचे नव्हते. उंबरठ्यात ती एकदा पडली, पुन्हा उठली. ओसरीत सुनेला भिंतीशी टेकवून बसवलं, आपला मेंढीच्या कातड्याचा डगला तिच्यावर टाकला आणि मूठभर बर्फ तिच्या तोंडावर चोळला.

"डोळे उघड. माझ्याकडे बघ. शिव्या दे हवं तर."

मिरुनाने डोळे उघडले आणि बर्फात ओकली.

त्या ओसरीत दोघी वाऱ्याकडे पाठ करून बसल्या. साफ्ताने सुनेला पोटातल्या मुलाचं कधी काही विचारलं नव्हतं. तिला विचारायची सवयच नव्हती, सांगायची होती.

"हलतंय का?" शेवटी तिने विचारलं.

मिरुनाने डगल्याखाली पोटावर दोन्ही तळवे ठेवले. "थांबा."

वारा थांबत नव्हता.

"नाही," मिरुना म्हणाली. मग, "थांबा ना." तिचे ओठ निळे पडले होते. "हललं. एकदाच. हललं, आई."

साफ्ताने मान खाली घातली.

---

आगापिया कमरेला दोर बांधून आली होती. दोराचं दुसरं टोक तिच्या स्वतःच्या फाटकाला होतं. अशा वाऱ्यात चार पावलांवर आपलं घर हरवतं. उघडं दार आणि ओसरीत बसलेल्या दोघी बघून तिने फावडं बर्फात रोवलं.

"तुमच्या धुराचा वास दुपारपासून येत नाही," ती म्हणाली. मग मिरुनाकडे पाहिलं, मग साफ्ताकडे. आवाज खाली आणला. "मुका धूर?"

"चक्कर आली तिला," साफ्ता म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही. म्हटलं, जरा हवेवर बसवावं."

आगापिया तिच्या डोक्यावरून आत बघत होती. चुलीपाशी उलटी पडलेली टोपली, जमिनीवर कोकरू, फाडलेली घोंगडी.

"या हवेवर," ती म्हणाली.

"हो. या हवेवर."

"बरं." आगापियाने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. "दार उघडं ठेव म्हणजे. माझा जुना फोन चालतोय अजून. मी कळवते दवाखान्यात, पोटुशी बाई आहे, चक्कर आली म्हणून. वारा पडल्याशिवाय कुणी यायचं नाही, पण कळवून ठेवते."

दोराला धरून ती परत पांढऱ्यात शिरली. साफ्ताने तिच्या पाठीकडे पाहिलं, ती दिसेनाशी होईपर्यंत.

अंधार पडता पडता साफ्ताने पुन्हा चूल पेटवली आणि झडप उघडी ठेवली. दारही वितभर उघडं ठेवलं, फटीत फावडं अडकवून. ऊब जशी यायची तशी जायची. दोघी सगळे कपडे अंगावर चढवून एकाच पलंगावर बसल्या, कारण दुसरा खोलीच्या गार बाजूला होता.

"डॉक्टर विचारतील," मिरुना म्हणाली. "काय सांगू?"

"जे सांगायचं ते सांग."

लाकूड तडतडलं. मिरुनाने मनगटावरचा मार्चच्या शकुनाचा लाल-पांढरा दोरा फिरवला. एक तारखेला तो साफ्तानेच बांधला होता, फार घट्ट.

"चक्कर आली म्हणते," ती म्हणाली.

साफ्ता नको म्हणाली नाही.

---

उजाडलं तेव्हा वारा नव्हता. आभाळ इतकं निळं होतं की बघवेना, आणि थंडी अशी की नाकातला श्वास टोचत होता. गाव नाहीसं झालं होतं. धुराडी तेवढी बर्फातून वर आली होती, आणि कुठे कुठे चेरीच्या झाडांचे शेंडे. पुरुष फावड्यांनी घराघरापर्यंत गल्ल्या कोरत होते. बर्फावरून चालणारी पट्ट्यांची गाडी आली, ती आधी पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाला घ्यायला आली होती. त्याची मूत्रपिंडं निकामी होती, रक्त यंत्रावर शुद्ध करावं लागे आणि त्याचा कालचा दिवस चुकला होता. मग ती साफ्ताच्या फाटकाशी थांबली. आगापिया आणि फावडी घेतलेले तिघे-चौघे ओसरीपाशी आले. अशा वेळी लोक येतातच.

गाडीतली डॉक्टर तरुण होती, नाक थंडीने लाल, डोळे झोपेविना सुजलेले. तिने मिरुनाचा रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"काल काय झालं?"

"चक्कर आली," मिरुना म्हणाली. "खाल्लं नव्हतं."

"शुद्ध गेली होती?"

"थोडीशी."

"आता कसं वाटतंय?"

"बरं. डोकं दुखतंय फक्त."

"मूल हलतंय?"

मिरुनाने पोटावर हात ठेवला. "हलतंय. कमी."

डॉक्टरने चिमट्यावरचा आकडा पाहिला, तो चांगला होता. तिने गाडीकडे वळून पाहिलं. आत तो यंत्रावरचा माणूस वाट पाहत होता, आणि पुढे आणखी दोन गावं होती. "हे बघा," ती म्हणाली, "उपाशीपोटी असं होतं. गाडीत धक्के फार बसतात, सातव्या महिन्यात उगाच नेण्यापेक्षा आडवं राहणं बरं. खा, पाणी प्या. रस्ता उघडला की परवा शहरात येऊन तपासून घ्या."

तिने पेटी मिटायला घेतली.

साफ्ता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओसरीखाली फावडी घेतलेले पुरुष, त्यांच्या मागे आगापिया. आगापिया कुणाकडेच बघत नव्हती, बर्फाकडे बघत होती. तीस वर्षं ज्या नावाने तिला हाक मारली गेली होती ते नाव तिथे उभं होतं, त्या सगळ्यांच्या मधोमध, आणि त्याला फक्त घर बदलायचं होतं.

पेटीचा खटका वाजला.

"चक्कर नव्हती," साफ्ता म्हणाली.

डॉक्टरने वर पाहिलं.

"झडप होती. मी लावली. निखाऱ्यांवर निळी जीभ होती, मला दिसत होती, तरी लावली. सकाळी एकदा आणि मग परत. हिने उघडली होती. मी पुन्हा लावली." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, वरचा, गावाला ऐकू जाईल असा. "कोकरू मेलं चुलीपाशी. हवं असेल तर तेही बघा, आत आहे."

एकाने फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"किती वेळ?" डॉक्टरचा आवाज बदलला होता.

"सकाळपासून दुपार कलेपर्यंत."

"हे आधी का नाही..." डॉक्टर मध्येच थांबली. "आईच्या रक्तातून तो वायू लवकर जातो. मुलाच्या नाही. मुलाच्यात राहतो." ती आधीच मिरुनाच्या तोंडावर मुखवटा बांधत होती, गाडीवाल्याला नळी उघडायला सांगत होती. पोटावर एक लहानसं यंत्र टेकवलं. आधी खरखर आली. मग कुणी लांब, बर्फाखाली, घाईघाईने दार ठोठावत असावं तसा आवाज. डॉक्टरने घड्याळाकडे बघत ऐकलं. तिचा चेहरा सैल झाला नाही.

"ठोके आहेत," ती म्हणाली. "चला. लगेच."

दोघांनी मिरुनाला उचललं. साफ्ता बाजूला झाली. वाट द्यायला एक पाऊल मागे घेतलं, आणि ते पाऊल तिला जिथे हवं होतं तिथे पडलं नाही. ती चौकटीवरून घसरत खाली बसली, जणू मुद्दामच बसली.

गाडीच्या दारातून मिरुनाने मुखवटा हाताने वर केला. "यांचंही डोकं दुखतंय कालपासून," ती म्हणाली. "काल उंबरठ्यात पडल्या. मला ओढताना."

डॉक्टर परत आली, साफ्तापुढे उकिडवी बसली. "तुम्ही त्याच खोलीत होता?"

"माझं घर आहे. कुठे असणार?"

"आजी, तुम्हालाही यावं लागेल."

"मला काही झालेलं नाही. मी घाबरले होते, त्याने झालं असेल." साफ्ताने हे सहज, वैतागून म्हटलं, आणि म्हटल्यावर तिला ते सगळ्यांनी ऐकलं हे कळलं. "मेंढ्या कोण बघणार?"

आगापियाने आता तिच्याकडे पाहिलं.

"मेंढ्या मी बघते," ती म्हणाली. "झडपही बघते. जा तू, साफ्ते."

साफ्ताने रुमाल पुढे ओढला, आगापियाने पुढे केलेला हात धरला आणि उठली.

गाडीत यंत्रावरचा माणूस एका बाजूला डोळे मिटून पडला होता. दुसऱ्या बाजूचं बाक अरुंद होतं. मिरुना काही न बोलता सरकली. पोट मध्ये येत होतं म्हणून ती फार सरकू शकली नाही, पण सरकली. साफ्ता बसली. डॉक्टरने तिच्याही तोंडावर मुखवटा बांधला, आणि दोघींना आता बोलता येणार नव्हतं. साफ्ताला हात कुठे ठेवावेत कळेना. तिने ते मांडीवर एकमेकांत अडकवले. उजवं कोपर सुनेच्या पोटाला टेकलं, जागाच नव्हती.

पट्टे कुरकुरले, गाडी हलली. खिडकीतून धुराडी एकेक करून मागे जाऊ लागली. बाहेरच्या पांढऱ्या उजेडाने साफ्ताचे डोळे भरून आले, तिने ते मिटले.

फाटक गेल्यावर तिच्या कोपराला काहीतरी लागलं. हळूच, आतून. रस्ता खराब होता, गाडीचा धक्काही असेल.

तिने कोपर हलवलं नाही.